बारा फोनमधली कानबाई

ज्योत्स्नाला एकाच वेळी दोन ठिकाणी बघायची सवय लागली होती. एक डोळा लॅपटॉपवर, दुसरा चारूवर. धुळ्याला देवपुरातल्या त्या दोन खोल्यांत तिने टेबलही असं मांडलं होतं की मान न वळवता पोरगी दिसावी. चारू फरशीवर बसून वाटीतले शेंगदाणे डब्यात टाकायची, डब्यातले पुन्हा वाटीत. आणि टाकता टाकता कधीतरी तिचा हात हवेतच राहायचा. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. पापणी किंचित फडफडायची. मग जणू काही झालंच नाही अशी ती पुढचा दाणा टाकायची.

बघणाऱ्याला वाटावं, पोर विचार करतेय. बालवाडीच्या बाईंनाही तसंच वाटलं होतं. "फार स्वप्नाळू आहे हो तुमची," असं त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी मात्र डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला आणि सरळ सांगितलं, "ही फिटच आहे. पडणार नाही, तोंडाला फेस येणार नाही, म्हणून कुणाला कळणार नाही. औषध चालू ठेवा, बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. पण तोवर चूल, पाणी, रस्ता इथे तिला एकटी सोडायची नाही. बघणारं माणूस हवं. नुसतं घरात असलेलं नाही, बघणारं."

बघणारं माणूस म्हणजे ज्योत्स्ना. दुसरं कोणी नव्हतं. भूषण दीपनगरला एका ठेकेदाराकडे होता, तो ठेका संपला तसा तो सुरतला गेला आणि महिन्याकाठी एकदा येऊ लागला. जळगावकडे माहेर होतं, पण माहेरी आई नव्हती. दोन पाळणाघरांनी फिट हा शब्द ऐकल्याबरोबर हात जोडले. राहता राहिलं सासर, सोनगीरच्या अलीकडचं गाव. तिथे अंगणात उघडी विहीर, ओसरीत चूल आणि शेताकडे जाणारी वाट थेट हायवेला लागलेली. सासूबाई ताईबाई पोरीवर जीव टाकायच्या, पण त्यांना त्या थांबण्यात काही दिसायचंच नाही.

"झोप येस तिले," त्या म्हणायच्या. "तू दिनभर तिना तोंडकडे दखत बसस ना, त्यामुये पोर घाबरी जास. तुना डोया जड शेत, जोस्ना."

नुसत्या भूषणच्या पगारावर दोन घरं चालत नव्हती, तेव्हा तिने काम करावं हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता की कुठे. भूषणच्या मामांनी जळगावला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा बघून ठेवली होती. राहायचं तिथेच, आणि लेकरू सोबत चालणार नाही. म्हणजे चारू गावी, विहिरीच्या अंगणात.

दुसरी जागा ज्योत्स्नाने स्वतः शोधली होती. नाशिकला एक छोटी कंपनी लहान मुलांचे मोबाईल गेम बनवायची. काम घरूनच, लॅपटॉपवर, धुळ्यात, टेबल असंच मांडून. तिथल्या योगेंद्र सरांनी मुलाखतीत विचारलं होतं, "बीएस्सी कॉम्प्युटर आहात, पण मधली वर्षं मोकळी दिसतात."

"मोकळी नाहीत सर. मुलगी आहे."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "हे बघा मॅडम, गेम कुणीही बनवतं. आमचं घोडं अडतं ते फोनच्या ॲप स्टोअरमध्ये. रोज नवा नियम. मुलांचा गेम असला तर जाहिरात कोणती, माहिती कोणती घेता, कुठे ठेवता, सगळ्याचा जाब द्यावा लागतो. आम्हाला ते सांभाळणारं माणूस हवंय. तुम्ही स्वतःच्या नावाने एक गेम स्टोअरमधून पास करून दाखवा. साधा चालेल. वीस तारखेपर्यंत तो स्टोअरमध्ये दिसला, तर जागा तुमची."

म्हणून तिने गेम केला. विषय सासरचाच घेतला, कारण तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. कानबाई, श्रावणात एका रविवारी घरोघर बसणारी खानदेशची देवी. तिच्या माहेरी कानबाई बसत नसे, लग्नानंतरच तिने ती जवळून पाहिली. गेममध्ये स्क्रीनवर एक जातं. त्यावर बोट गोल गोल फिरवायचं, मग पीठ पडतं. पिठाचे नैवेद्याचे रोट थापायचे, तळायचे, पानात वाढायचे. रोट पुरे झाले की चौरंगावर नारळाची कानबाई बसते. तिला साडी, डोळे, नथ, कुंकू हे सगळं खेळणाऱ्याने लावायचं आणि शेवटी दिवा लावायचा. दिवा लागला की कानबाई डोळे उघडते. तेवढ्या एका उघडझापीसाठी ज्योत्स्नाने आठवडा घातला होता.

स्टोअरने तो दोनदा परत पाठवला. एकदा, गेम लहानांसाठी आहे म्हणता तर माहितीच्या धोरणाचं पान कुठे आहे. दुसऱ्यांदा, ओव्या रेकॉर्ड करायला तिने माइक मागितला होता, तो लहान मुलांच्या गेममध्ये का हवा. तिने पान लिहिलं, माइक काढला. राग आला नाही. उलट आई म्हणून ते तिला पटलंच; चारूच्या हातातल्या फोनचा माइक कुणा अनोळखी माणसाने उघडलेला तिला तरी कुठे चालला असता?

तिसरी अट मात्र तिच्या एकटीच्या हातातली नव्हती. नव्या माणसाच्या नव्या खात्याला स्टोअर थेट दार उघडत नाही. आधी चाचणी: बारा माणसांनी आपापल्या फोनमध्ये तो गेम घ्यायचा, सलग दोन आठवडे ठेवायचा, खेळायचा. मधेच माणसं गळून बाराच्या खाली आली, तर पुन्हा पहिल्यापासून. ते झालं की मग अर्ज, मग तपासणी.

बारा माणसं. धुळ्यात तिची ओळख दूधवाला, किराणावाला आणि डॉक्टर. ती चारूला घेऊन गावाची एसटी पकडायला निघाली.

*

ताईबाई ओसरीत गंगाफळ चिरत होत्या. सून काय सांगतेय ते त्यांनी निम्मं ऐकलं आणि सुरी थांबवून विचारलं, "मंग हाई बठ्ठासले दखास का नही?"

"नाही आई. सध्या फक्त ज्यांची नावं मी यादीत टाकेन त्यांनाच दिसेल. बाहेरच्या कुणाला नाही."

"भाऊबंदकीले?"

"हो, आपल्याच माणसांना."

ताईबाईंचा चेहरा उजळला. "आस्सं सांग ना. रोटना परमाने शे. रोट बी आपला भाऊबंदकीबाहेर देता येत नही. परका माणूसले एक घास बी नही."

ज्योत्स्नाला हसू फुटलं. इंग्रजीतली पानंच्या पानं वाचून जे तिला कळायला वेळ लागला होता ते सासूबाईंनी भोपळा चिरता चिरता उरकलं होतं. "अगदी तसंच, आई. रोटासारखंच."

"आनि त्यामा बाई बससे?"

"हो. तुम्ही बसवता तशीच."

"मंग सोमवारले तिना इसर्जन बी करनं पडी."

नेमकी त्याच वेळी चारू विहिरीच्या दिशेने चार पावलं गेली होती. ज्योत्स्नाची नजर तिच्या पाठीवर होती. "हो हो, जसं करतात तसंच सगळं," म्हणत ती उठली आणि पोरीला दंडाला धरून ओसरीत घेऊन आली. आपण काय कबूल केलं ते तिच्या कानापर्यंत पोचलं होतं, डोक्यापर्यंत नाही.

पुढचं काम हेमांगीने उचललं. हेमांगी तिची चुलत जाऊ, सुरतला असायची, फोनवर बोटं अशी चालवायची की बघत राहावं. भाऊबंदकीच्या ग्रुपवर तिने आवाज टाकला, "ए बायाओं, जोस्नाने आपल्या कानबाईचा गेम काढला आहे. लिंक फक्त घरच्यांना आहे, जिला घ्यायचा नाही तिने रोटाला पण यायचं नाही!" सुरतेतल्या, दोंडाईच्यातल्या, गावातल्या जावा, नणंदा, सुना एकेक करून आत आल्या. बारा माणसं लागत होती; ज्योत्स्नाचा भाऊ, भूषण आणि कॉलेजची एक मैत्रीण धरून पंधरा झाली. ज्योत्स्नाने रात्रीचा औषधाचा चमचा चारूच्या तोंडात घातला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिला वाटलं की आता होईल.

दिवस सरत गेले. ती रोज बघायची, पंधराच्या पंधरा जागेवर. बायका खरंच खेळत होत्या. ग्रुपवर नथ घातलेल्या नारळांचे फोटो येत. "माझ्या बाईचा डोळा तिरपा झाला गं." "तुझाच तिरपा आहे, बाईचा नाही." चारूलाही तिने रोज थोडा वेळ, शेजारी बसून, खेळू दिलं. डॉक्टरांनी फोन फार देऊ नका म्हटलं होतं, म्हणून जेवढं एक जातं दळून होईल तेवढंच. पोरीला दिव्यापेक्षा जातंच आवडायचं. बोट गोल गोल फिरवत ती स्वतःशी काहीतरी गुणगुणायची.

*

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. घर माणसांनी भरून गेलं. पुरुषागणिक सव्वा मूठ गहू मोजून दळलेले, रोटांचा वास अंगणभर, चौरंगाला केळीचे खांब, आणि मधोमध साडी नेसलेली, नथ घातलेली बाई. फुगड्या घालून दमलेल्या बायका भिंतीला टेकून फोन काढत आणि खऱ्या कानबाईसमोर बसून फोनमधल्या कानबाईला कुंकू लावत. ज्योत्स्ना ते बघत होती आणि मनातल्या मनात दिवस मोजत होती. शनिवारपर्यंत टिकलं की झालं. मग अर्ज टाकता येईल. वीस तारखेपर्यंत जेमतेम पुरेल.

सोमवारी सकाळी वाजतगाजत बाई नदीवर गेली. ज्योत्स्ना गेली नाही. पाण्याच्या काठी, एवढ्या गर्दीत चारूला नेण्याची तिची छाती झाली नाही. "सूनबाई बाईले वाटे लावाले बी येत नही," असं कुणीतरी दारातून जाताना म्हणालं, ते तिने गिळलं.

बायका दुपारी परतल्या. ओले पदर, ताटात नदीची वाळू, आवाज बसलेले. चहा झाला. सुरतेची गाडी संध्याकाळची होती म्हणून आवराआवर सुरू झाली. ज्योत्स्नाने सवयीने फोन उघडून आकडा पाहिला.

तीन.

तिने पान खाली ओढलं, पुन्हा पाहिलं. रेंज नसेल म्हणून ती ओसरीबाहेर आली, तिथून अंगणात, अंगणातून रस्त्याच्या कडेला. तीन. तिचा भाऊ, भूषण आणि ती कॉलेजची मैत्रीण. बाकी बारा बायका गेल्या होत्या.

ती आत आली. "हेमांगीताई, गेम... गेम कुणाच्या फोनमध्ये दिसत नाहीये का?"

"कसा दिसेल?" हेमांगी पिशवीची चेन ओढत होती. "काढला ना. नदीवर सगळ्यांचे फोन माझ्याकडेच दिले होते. बाईला पाण्यात सोडलं आणि तिथेच एकेकीचा काढला."

"काढला म्हणजे?"

"अगं, पहिले नुसता पुसला, तर आपल्या दीपमालाच्या फोनमध्ये तो परत आपोआप आला! सगळ्या घाबरल्या ना. विसर्जन केलेली बाई पुन्हा घरात? मग मी त्या पानावर गेले, तिथे खाली लिहिलेलं असतं, चाचणीतून बाहेर पडा. ते दाबलं सगळ्यांचं. आता नाही येणार." हेमांगीच्या बोलण्यात काम चोख केल्याचा आनंद होता. मग तिने ज्योत्स्नाकडे नीट पाहिलं. "काय झालं गं? अशी का पांढरी पडलीस?"

"दोन आठवडे ठेवायचा होता, ताई. सलग. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण मला वाटलं, कानबाईपर्यंत."

ताईबाई चौरंग पुसत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "मीच सांगेल व्हतं तिले. तूच तं हो म्हने व्हती. इसर्जन करनं पडी म्हनी इचारं, तं तू म्हने, जसं करतस तसंच."

ज्योत्स्नाला ती दुपार आठवली. भोपळा, सुरी, विहिरीकडे जाणारी चारूची पाठ. आपलाच आवाज तिला ऐकू आला.

"आई, आत्ताच्या आत्ता परत घेऊ या. सगळ्या अजून इथेच आहेत. मी करून देते एकेकीला."

"बाई परत बसाडानी?" ताईबाईंनी फडकं खाली ठेवलं. "वरीसभरमा एकच दाव बससे ती. आते पुढला श्रावण इई तव्हयच. तुना नाशिकवालासाठे मी देवले उठबस कराले लावू?"

"आई, ते चित्र आहे हो!"

"मंग चित्रले नथ का बरं घाले व्हती तू?"

बायका आपापल्या पिशव्यांवर बसल्या होत्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, तेच जास्त जड जात होतं. त्यांनी तिचा गेम खेळ म्हणून घेतलाच नव्हता. ती आठवडाभर कानबाईच्या पापण्यांवर बसली होती त्याचं त्यांनी सोनं केलं होतं. त्या पापण्या त्यांना खऱ्या वाटल्या होत्या.

*

तिने स्टोअरला लिहिलं. इंग्रजी चांगलं होतं तिचं, सगळं नीट मांडलं. आमच्याकडे असा सण असतो, माणसं खरी आहेत, गेम खरा खेळला गेला आहे, चारपाच दिवस तेवढे कमी पडले, ते भरून देते, पहिले दिवस धरावेत. उत्तर आलं तेव्हा तिला कळलं की वाचणारं कुणी नाही. त्यात तिच्या पत्रातला एकही शब्द नव्हता. अट पूर्ण झालेली नाही, कृपया पुन्हा चाचणी घ्यावी, आपल्या सहकार्याबद्दल आभार. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, आभारासकट.

मग योगेंद्र सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते आधी हसले, मग हसल्याची लाज वाटून थांबले. "मॅडम, हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

"सर, महिनाअखेरपर्यंत थांबा ना. मी पुन्हा सुरू करते आजच."

"माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. वीस तारखेला माणूस बसवायचंच आहे. दुसरी एक मुलगी आहे, तिचा गेम आलाय स्टोअरवर."

"सर, मला घरूनच काम हवंय. माझी मुलगी..." तिने फोन छातीशी धरला, श्वास घेतला, पुन्हा कानाला लावला. "मुलीला बघायला कुणी नाही, सर."

"पुढे जागा निघाली तर नक्की कळवतो," ते म्हणाले. तेही आभारच होते, फक्त माणसाच्या आवाजात.

संध्याकाळी भूषणचा फोन आला. "मामा विचारत होते. राखी झाली की लगेच हजर व्हायचंय वसतिगृहात. हो सांगू?"

"चारूचं काय?"

"गावी आहेत ना सगळे. आई आहे, आबा आहेत."

"आईंना दिसत नाही, भूषण. त्यांच्यासमोर ती थांबली तरी दिसत नाही."

"मग मी तरी काय करू सांग? सुरत सोडून येऊ?" तो चिडला नव्हता, थकला होता. "तू सांग, तसं करतो."

हो सांग, असं ती म्हणाली आणि फोन ठेवला. अंगणात विहिरीचा कठडा संध्याकाळच्या उजेडात पांढरा दिसत होता. चारूच्या कमरेइतका होता तो.

*

तरी तिने दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. बहुधा हाताला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. तिने गेममधून कानबाई काढली. नथ, साडी, दिवा, त्या पापण्या, सगळं. उरलं नुसतं जातं आणि पीठ. दळलं की पीठ पडायचं आणि वाटी भरायची, बस. मग फोन घेऊन ती ताईबाईंजवळ गेली.

"आई, यात आता बाई नाही. नुसतं जातं आहे. हे तरी ठेवाल का फोनमध्ये? मला नोकरी नाही मिळायची आता, पण केलेलं काम वाया जाऊ नये."

ताईबाईंनी संशयाने फोन हातात घेतला. वरून, खालून पाहिला. "बाई नही?"

"नाही."

"मंग ठेवस. जातं तं बाराही मईना घरमा ऱ्हास." आणि मग, "चारू, ये वं माय. दयनं दय माले. मना बोट चालत नही यावर."

चारू आजीच्या मांडीत येऊन बसली. ताईबाईंनी फोन दोन्ही हातांत ताटासारखा धरला आणि चारू बोट फिरवून दळू लागली. जातं घरघरत होतं, तो आवाज ज्योत्स्नाने याच घरातल्या जात्यावरून घेतला होता. ताईबाईंना गंमत वाटली, त्या आवाजाबरोबर त्या हलकेच ओवी म्हणू लागल्या. पीठ पडत होतं. वाटी भरत होती.

आणि आवाज बंद झाला.

ज्योत्स्ना चुलीजवळ होती. तिला पोरीचं तोंड दिसत नव्हतं, पण काय झालं ते तिला पाठीवरून कळलं. ती उठायला निघाली आणि कशी कोण जाणे, थांबली.

"फिराव ना वं," ताईबाई म्हणाल्या. ओवी अर्धी राहिली होती. "चारू? दय ना."

बोट काचेवर होतं, पण हलत नव्हतं. ताईबाईंनी नातीच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान वाकवून आणखी जवळून पाहिलं. त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर हात फिरवला. फोन मांडीवर पडला. "चारू! ए माय!"

चारूची पापणी फडफडली. तिने आजीकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या फोनकडे, आणि तो उचलून, जिथे सोडलं होतं तिथूनच, बोट फिरवायला लागली. जातं पुन्हा घरघरलं.

ताईबाईंनी सुनेकडे पाहिलं. "जातं थांबी गयं," त्या म्हणाल्या. "डोया उघडा व्हतात, आनि पोर तठे नव्हतीच. हाई तं झोप नही शे."

"नाही आई."

"किती दाव व्हस असं?"

"औषधाने कमी झालंय. तरी दिवसातून चारदोन वेळा होतं."

"आनि मी हिले एकटी हिरवर पानी भराले बसाडं व्हतं," ताईबाई स्वतःशीच बोलल्या. "मागला मईनाले. तू औसद लेवाले धुयाले जायेल व्हती."

औषधासाठी ती धुळ्याला गेली त्या दिवशी पोर विहिरीवर एकटी होती, हे ज्योत्स्नाला माहीत नव्हतं. ओरडावं असं वाटलं, पण ओरडून होणार काय होतं? तो महिना गेला होता, पोर मांडीत होती.

ताईबाई उठल्या. त्यांनी ना सुनेची माफी मागितली, ना तिला जवळ घेतलं. अंगणात विहिरीशी जाऊन त्यांनी आबांना हाक मारली, "आयकतस का? हिरवर लोखंडनी जायी टाकानी शे. आजच. कोनले बी बलावा, कितला बी येळ लागो." मग कोपऱ्यातलं खरं जातं, जे रोटापुरतं बाहेर काढून पुन्हा झाकून ठेवलं होतं, ते त्यांनी ओढत ओसरीत आणलं. चारूला समोर बसवलं. तिचा हात खुंट्यावर ठेवला आणि त्यावर आपला.

"दय," त्या म्हणाल्या.

*

राखी झाली आणि ज्योत्स्ना जळगावला निघाली. नुसत्या जात्याचा तो गेम बायकांनी पुन्हा घेतला होता, या वेळी कुणीच काढला नव्हता. ती आता आकडा बघत नव्हती. नाशिकची जागा त्या दुसऱ्या मुलीला मिळाली होती.

आबांनी तिला सोनगीर फाट्यावर सोडलं. चारू रडली नाही, रडायची ती ज्योत्स्नाच होती, पण बस आली म्हणून तेही राहिलं. खिडकीजवळ बसल्यावर तिने सवयीने मांडीकडे पाहिलं. तिथे पर्स होती. तिची नजर कुठे टेकेना. समोरच्या सीटवर एका बाईच्या खांद्यावर लेकरू झोपलं होतं, ती त्याच्याच पापण्या बघत राहिली.

धुळं ओलांडलं, पारोळा आलं. फोन वाजला. ताईबाई. त्या कधी आपणहून फोन करत नसत. ज्योत्स्नाची हिरवी खूण दोनदा हुकली.

"आई? काय झालं? आई?"

"आयक," ताईबाई म्हणाल्या. मागे घरघर ऐकू येत होती, खऱ्या जात्याची, जड. "दोन दाव थांबनी. एक दाव तू गई तव्हय, एक दाव आत्ते. मना हात तिना हातवर व्हता, माले लगेच कयनं."

ज्योत्स्नाने पर्समधून पेन काढलं.

"तू लिही ठेव. डागदरले सांगाले लागी."

"हो आई. तिने औषध घेतलं?"

"घिदं. थुकत व्हती, पन घिदं." पलीकडे घरघर मंद झाली, पुन्हा वाढली. चारू काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते. "आते ठेवस फोन. एक हातवर जातं वढास नही, आनि तिना हात सोडाले माले जमत नही."